‘कॉलेजच्या ऑफिसातले लोक फुकटचा पगार खातात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, माजी विद्यार्थ्यांच्या, सोसायटीच्या, अगदी भावकीच्या ग्रुपवर पण. मजकूर थोडक्यात असा: "कॉलेज-विद्यापीठातले शिक्षकेतर कर्मचारी म्हणजे सरकारी तिजोरीवरचं ओझं. ॲडमिशन, फी, परीक्षा, निकाल सगळं ऑनलाइन झालं, मग हे करतात काय? वर उन्हाळा-दिवाळीच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार बंद, शिपायाला लाखभर पगार, आणि परीक्षा आली की संप. ही पदंच बंद करा, एजन्सीकडून पोरं लावा, निम्म्या खर्चात दुप्पट काम होईल." खाली पन्नास अंगठे आणि "एकदम बरोबर".

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात लिपिक आहे. हा मेसेज आमच्याच माजी विद्यार्थ्यांनी पुढे ढकललेला बघून वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. लांबेल जरा, पण वाचा.

"सगळं ऑनलाइन झालं." यावरच जास्त बोलायचंय कारण बाकी सगळा मेसेज याच एका वाक्यावर उभा आहे. ऑनलाइन झालं म्हणजे काय झालं ते महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या स्कॉलरशिपवरून सांगतो. मुलगा फॉर्म मोबाईलवर भरतो, खरंय. पण तो फॉर्म आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, तिथे एकेक कागद उघडून तपासायचा, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग समाजकल्याण किंवा ज्या त्या विभागाकडे. आणि चुका कुठे निघतात? दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी. मुलीचं मधल्या काळात लग्न झालेलं असतं, आधारवर सासरचं नाव आणि आमच्या रजिस्टरला माहेरचं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडलेला. जातीच्या दाखल्याचा फोटो अंधारात काढलेला, नंबरच वाचता येत नाही. असा फॉर्म परत पाठवला की मुलाच्या लॉगिनला दिसतं, पण तो लॉगिन बघतच नाही, पासवर्ड नेटकॅफेवाल्याकडे असतो. मग आम्ही फोन लावतो, फोन लागत नाही कारण नंबर मामाचा दिलाय, मामाला फोन, मामा शेतात, संध्याकाळी परत. हे एका मुलाचं झालं. अशी शेकडो मुलं असतात आणि शेवटची तारीख एकच असते.

त्यातून फॉर्म मंजूर झाला तरी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या खिडकीवर मागे एक मुलगा आला, सांगत होता पैसे आलेच नाहीत, पोर्टल म्हणतंय जमा झाले. मी आणि तो तासभर बसलो. शेवटी निघालं काय, तर कधीतरी नवीन सिम घेताना दुकानदाराने त्याच्या नावाने एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं आणि आधार त्याला जोडला गेला होता, पैसे तिथे पडलेले, पोराला पत्ताच नाही. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. त्या पैशावर त्याची पुढची खोली आणि मेस होती. हे कुठल्या ॲपने शोधून दिलं असतं मला सांगा.

८ जुलै २०२४ चा जीआर (शासन निर्णय) आठवा, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अतिशय चांगला निर्णय. पण तो टीव्हीवर जाहीर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर जी रांग लागली ती निस्तरायला राज्यभर कोण बसलं होतं? कुठला कोर्स बसतो कुठला नाही, आधी भरलेली फी परत मिळते का, ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला कुठे काढायचा, हे सगळं विचारायला माणसं माणसाकडेच आली.

शिवाय ऑनलाइन हे एक नसतं. महाडीबीटी वेगळं, विद्यापीठाच्या कामाचं समर्थ पोर्टल वेगळं, मुलांचे क्रेडिट जमा होतात तो एबीसी आयडी वेगळा, केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची, म्हणजे आयशेची माहिती वेगळी, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकचा दरवर्षीचा अहवाल, एक्यूएआर, वेगळा. माहिती तीच, मुलं किती, मुली किती, एससी-एसटी-ओबीसी किती, पण प्रत्येकाचा फॉरमॅट निराळा आणि प्रत्येकाची मुदत परवाची. पदवीला २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, प्रत्येक पोराचं विषयांचं कॉम्बिनेशन वेगळं, ते सिस्टिमला चुकलं की हॉलतिकिटावर भलताच विषय येतो आणि मूल रडत ऑफिसात येतं.

आणि ज्यांना वाटतं की मशीन लावलं की माणूस लागत नाही त्यांनी मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवावं. उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायचं ठरलं, घाईघाईत, १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली ती गेली, निकाल महिनोन्‌महिने लांबले, उत्तरपत्रिका सापडेनात, पुढच्या शिक्षणाच्या ॲडमिशन हुकल्या, शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं. परदेशात प्रवेश मिळालेली मुलं मार्कशीटसाठी ताटकळत होती. ऑनलाइन वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, हाताने लेजर लिहायचे दिवस मला परत नकोत. पण काम संपलेलं नाही, त्याची जागा बदलली आणि ते वाढलंय. तेवढं मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

"उन्हाळा-दिवाळीच्या सुट्ट्या." दीर्घ सुट्टी प्राध्यापकांना असते, शिक्षकेतरांना नसते. मे महिन्यात ऑफिस चालूच असतं, निकाल, दाखले, ॲडमिशनची तयारी तेव्हाच असते. आणि शनिवार-रविवार? पाच दिवसांचा आठवडा सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला त्यातून शाळा-कॉलेजं वगळलेली आहेत. आम्ही शनिवारी ऑफिसातच असतो. हा मुद्दा इथेच संपला.

"शिपायाला लाखभर पगार." सातव्या वेतन आयोगात शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन १५,००० रुपये आहे, आणि त्या स्तराचं शेवटचं टोक, जिथे फार थोडे पोचतात, ते ४७,६००. कनिष्ठ लिपिक १९,९०० वर सुरू होतो, वरिष्ठ लिपिक २५,५०० वर. यावर महागाई भत्ता, घरभाडे मिळतं, आणि रिटायरमेंटला आलेल्या माणसाचा पगार बरा असतो हे मी लपवत नाही. पण शिपायाला लाख हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन पण नाही, हे त्या मेसेजमध्ये का नाही लिहिलं?

खाली एकाने कमेंट टाकली होती की हे सगळे संस्थाचालकांना पैसे भरून लागलेत. काही ठिकाणी असं होतं, मला माहितीये. पण मग रान उठवायचं तर पैसे घेणाऱ्यावर उठवा ना. जमीन गहाण टाकून नोकरी घेतलेल्या माणसाला चोर म्हणायचं आणि ज्याने ते पैसे घेतले त्याला वार्षिक समारंभात हार घालायचा, हे मला पटत नाही.

आता "शिपाई-परिचर फक्त चहा आणतात" ही जी ओळ नंतर कुणीतरी जोडलीय तिच्याबद्दल. सायन्सला शिकलेल्या प्रत्येकाने आपली केमिस्ट्रीची लॅब आठवावी. तुम्ही अकरा वाजता गेलात तेव्हा ब्युरेट धुतलेला होता, बाटलीत द्रावण तयार होतं. ते कुणी केलं? आमच्याकडचे लॅब अटेंडंट मामा सकाळी साडेआठला येतात. कॉस्टिक सोड्याचं द्रावण करून ठेवून चालत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची तीव्रता बदलते, म्हणून ताजं करायचं, ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून बघायचं. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग किती फिका आला की थांबायचं हे मामा नवीन मॅडमना दाखवतात, स्वतः दहावी शिकलेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी अननोन सॉल्टच्या (परीक्षेत ओळखायला दिलेल्या क्षारांच्या) बाटल्यांवर नंबर टाकायचे, त्याची यादी फक्त परीक्षकाकडे द्यायची, पोरांनी कितीही मस्का मारला तरी तोंड उघडायचं नाही. किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास, तो विषारी असतो, त्या वासात या माणसाने आयुष्य काढलंय. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची बाटली कुठल्या फळीवर ठेवायची, पाण्यात ॲसिड घालायचं की ॲसिडमध्ये पाणी, हे घाबरलेल्या फर्स्ट इयरच्या पोराला तो रोज सांगतो, आणि त्यामुळेच इतकी वर्षं कुणाचा हात भाजला नाही. आणि हो, पाहुणे आले की चहासुद्धा तोच आणतो. त्यात कमीपणा कसला?

"परीक्षा आली की संप." संप झाला, खरं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार, मग १६ तारखेला एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि २० तारखेपासून बेमुदत. विद्यार्थ्यांना त्रास झाला, तो कुणालाच नको होता. पण मागण्या काय होत्या ते किती जणांनी वाचलं? सातवा वेतन आयोग राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना जानेवारी २०१९ मध्ये मिळाला, आम्हाला मिळाला नोव्हेंबर २०२० पासून, तोही २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लेखणीबंद आंदोलन केल्यावर. जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०२० या ५८ महिन्यांची थकबाकी अडकलेली. विद्यापीठांतल्या १४१० कर्मचाऱ्यांना तर सातवा आयोग लागूच नव्हता. बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचे जीआर आधी काढले, लोकांना लाभ दिले आणि मग ते जीआरच रद्द केले. याच्यात जास्तीचं काय मागितलं? आधी निवेदनं, मग काळ्या फिती, मग जेवणाच्या सुट्टीत निदर्शनं, मग एक दिवस, आणि कुणीच दखल घेतली नाही तेव्हा बेमुदत. आता परीक्षेच्या वेळीच का, असं विचारता, तर वर्षातून बाकीच्या वेळी आम्ही उन्हात बसलो तर बातमीसुद्धा येत नाही. बरं, मेसेज आधी म्हणतो आम्ही काहीच करत नाही आणि मग म्हणतो आम्ही थांबलो की परीक्षा थांबते. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

शेवटचा आणि सगळ्यात काळजीचा मुद्दा, "पदं बंद करा, एजन्सीकडून पोरं लावा." हे होऊ घातलेलं नाहीये, हे कधीचंच सुरू झालंय. ४ मे २०२० ला कोरोनामुळे वित्त विभागाने भरती थांबवली. रिटायर होणारे होत राहिले, त्यांची टेबलं रिकामी, काम उरलेल्यांत वाटलेलं. आमच्या ऑफिसात एकच माणूस स्कॉलरशिप, परीक्षा विभाग आणि बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची नोंदवही) बघतो, आणि अशी कॉलेजं भरपूर आहेत. शाळांमध्ये तर डिसेंबर २०२० च्या जीआरने शिपायाचं पदच काढलं आणि त्याऐवजी शिपाई भत्ता आणला, ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. पाच हजारांत महिनाभर शाळा झाडायची, घंटा द्यायची, पाणी भरायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या एजन्सींमार्फत सरकारी पदं भरायचा जीआर आला, तेव्हा हीच शिकलेली पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यातल्याच काही जणांनी आता हा मेसेज फॉरवर्ड केलाय याचं मला खरंच दुःख आहे. आपल्याला कायमची नोकरी हवी आणि दुसऱ्याची कंत्राटी असावी, हे कसं चालेल?

कंत्राटी पोरांबद्दल मला आकस नाही, उलट. आमच्याकडे एक मुलगी एजन्सीमार्फत कॉम्प्युटरवर बसते, कामाला आमच्यापेक्षा तेज आहे. पण तिचा पगार कधी होईल तिला माहीत नाही, पीएफ कापतात पण भरतात का ते माहीत नाही, एजन्सी बदलली की ती घरी. आणि तिच्या हातात काय आहे बघा. परीक्षेच्या दिवशी पेपर विद्यापीठाकडून ऑनलाइन येतो, थोडाच वेळ आधी, तो डाउनलोड करायचा, बंद खोलीत झेरॉक्स काढायच्या, मोजून वर्गावर पाठवायच्या. मशीनमध्ये कागद अडकला की सगळ्यांचे श्वास अडकतात. एक पान बाहेर गेलं तर हजारो मुलांचा पेपर रद्द. त्या खोलीत महिना दहा-बारा हजारांवर, उद्याची खात्री नसलेलं माणूस बसवायचं आणि त्याच्याकडून गुप्ततेची शपथ घ्यायची, यात ज्याला बचत दिसते त्याने एकदा आपलं मूल त्या परीक्षेला बसलंय असं समजून विचार करावा. काही वर्षांपूर्वी पास झालेला माणूस परदेशातल्या कंपनीच्या पडताळणीसाठी मेल करतो तेव्हा जुनं जनरल रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे जाणणारं कुणीतरी लागतं. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर ते कोण सांगणार?

राहिला प्रश्न उर्मटपणाचा, कारण त्या मेसेजखाली सगळ्यात जास्त कमेंट त्याच्याच होत्या. "उद्या या", "साहेब नाहीत", "लंच टाइम आहे". हे घडतं, ते मी नाकारत नाही, आणि त्याचं समर्थन तर मुळीच करणार नाही. खेड्यातून एसटीने आलेल्या पोराला कारण न सांगता परत पाठवणं हा अन्याय आहे, मग खिडकीमागे किती का काम पडलेलं असेना. अशा वेळी गप्प बसू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विद्यापीठाचा लोकपाल आहे, त्यांच्याकडे लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या. अर्ज आवक-जावकला नोंदवून त्याचा नंबर मागा, तो देणं आमचं काम आहे. आणि त्याच अर्जात अजून एक ओळ लिहा, या विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे पण कळवा.