फूटपट्टी खिशात ठेवा आणि जरा खेळ पाहा

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, त्याची उंची सहा फूट दोन इंच आहे आणि तो बास्केटबॉलमध्ये पॉवर फॉरवर्डच्या, म्हणजे बास्केटजवळ झुंजणाऱ्या धिप्पाड खेळाडूच्या, जागी खेळतो. या तीन गोष्टींपैकी पुणेकरांना फक्त मधली दिसते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, डेक्कनच्या अमृततुल्यात, लग्नाच्या पंगतीत, जिथे जावे तिथे कोणीतरी मान वर करून विचारतो, "किती झाली रे उंची?" आणि उत्तर कानावर पडताच भविष्यही सांगून मोकळा होतो. लिफ्टमधल्यांना मी माफ केले आहे, कारण त्यांनी खेळ कळत असल्याचा दावा कधी केलेला नाही. माझा संताप आहे तो मैदानाच्या कडेला बसून "आम्ही तीस वर्षे बास्केटबॉल पाहतोय" असे ऐकवणाऱ्यांवर, आणि त्याहून जास्त निवड चाचणीत गळ्यात शिट्टी अडकवून बसणाऱ्यांवर.

गेल्या रविवारचा सामना घ्या. समोरच्या संघात अकरा नंबरचा एक दांडगा मुलगा होता, भाच्यापेक्षा दोन इंच उंच आणि अंगानेही भरलेला. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये त्याने आमच्या बोर्डखाली धुमाकूळ घातला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये भाच्याला त्याच्यावर लावले. त्यानंतर प्रत्येक वेळी समोरून शॉट सुटला की बाकीचे नऊ जण चेंडूकडे पाहायचे आणि हा एकटा चेंडूकडे पाठ फिरवून आधी अकरा नंबरला हाताच्या कोपराखालच्या भागाने चाचपायचा, मग वळून, गुडघे वाकवून, कंबर त्याच्या मांड्यांना टेकवून त्याला बाहेरच थोपवून धरायचा. हुकलेला चेंडू आरामात आमच्या गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या चपळ खेळाडूच्या, हातात पडायचा आणि गुणपत्रिकेवर रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडल्याची नोंद) गार्डच्या नावावर चढायचा. त्या क्वार्टरमध्ये अकरा नंबरला आमच्या बोर्डखाली एकही रिबाउंड मिळाला नाही. सामना आम्ही जिंकलो. भाच्याचे गुण झाले ४.

माझ्या मागे चहाचा ग्लास घेऊन बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "उंची फुकट गेली पोराची. खांब रोवला असता तरी आपटून दोन-चार पॉइंट पडले असते." सगळे हसले. खेदाची गोष्ट म्हणजे माझे मेहुणे, म्हणजे मुलाचे सख्खे वडील, तेही हसले.

चार गुणांवरून हसणाऱ्या या मंडळींना मी एक तारीख सांगू इच्छितो. १० फेब्रुवारी २०१७ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये मेम्फिसविरुद्धच्या सामन्यात गोल्डन स्टेट संघाच्या ड्रेमंड ग्रीन या पॉवर फॉरवर्डने ४ गुण केले. त्याच सामन्यात त्याने १२ रिबाउंड, १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि १० स्टील (हिसकावलेले चेंडू) केले, आणि गुणांचा दोन आकडी पल्ला न गाठता ट्रिपल-डबल, म्हणजे तीन बाबींत दोन आकडी मजल, करणारा तो एनबीएच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. त्या हंगामात सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. २०१२ च्या निवडीत, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, याच माणसाचे नाव ३५व्या क्रमांकावर पुकारले गेले होते, कारण पॉवर फॉरवर्डसाठी तो बुटका आहे असे तिथल्याही शहाण्यांचे म्हणणे होते. म्हणजे फूटपट्टीचा रोग केवळ पुण्यापुरता नाही. फरक इतकाच की तिथे निदान खेळाडूच्या प्रत्येक मिनिटाचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहतात. आपल्याकडे चहा संपेपर्यंत निकाल लागलेला असतो.

निवड चाचणीबद्दल तर बोलायलाच नको, तरीही बोलतो. सकाळी सातला बोलावले होते, साडेनऊला सुरुवात झाली. आधी उंची, मग हात वर करून पोहोच, मग उभ्या जागेवरून उडी, आणि शेवटी एकमेकांची नावेही माहीत नसलेल्या दहा मुलांना दहा मिनिटे सोडून दिले. अशा खेळात ज्याच्या हाती चेंडू पडतो तो मरणाच्या घाईने शॉट मारतो, कारण दुसरी संधी मिळणार नाही हे त्याला कळते. माझ्या भाच्याने सहा वेळा चोख स्क्रीन लावली, म्हणजे गार्डच्या मागावरच्या खेळाडूची वाट अडवून उभा राहिला, आणि सहाही वेळा गार्डने तिचा उपयोग न करता दुसऱ्याच बाजूला धाव घेतली. निवड करणाऱ्या सरांचा शेरा एका शब्दाचा होता: "सॉफ्ट आहे." गेल्या वर्षभरात तो चार इंच वाढला आहे, त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा उडी मारून उतरताना ठणकतो, अचानक लांब झालेल्या पायांचा अंदाज त्याचा त्यालाच अजून येत नाही, हे त्या शब्दात कुठे बसते? वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांना हे दुखणे सर्रास होते आणि बहुधा वाढ थांबली की थांबतेही. (बारा नंबरचा बूट मिळवण्यासाठी आम्ही दोन शनिवार लक्ष्मी रस्ता पालथा घातला, ती वेगळीच रामकथा.)

सर्वांत जास्त चीड मात्र मला एका जुन्या वाक्याची येते. हा मुलगा तेरा वर्षांचा असताना वर्गात सर्वांत उंच होता, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले, "तू ड्रिबल करायचे नाही, बोर्डखाली उभे राहायचे आणि चेंडू आला की लगेच गार्डला द्यायचा." तीन वर्षे त्याने हा हुकूम इमानेइतबारे पाळला. आता तीच माणसे म्हणतात की याला चेंडू हाताळता येत नाही, आधुनिक पॉवर फॉरवर्डला तर सगळे आले पाहिजे! अहो, येणार कुठून? विहीर तुम्हीच बुजवली आणि आता पाणी नाही म्हणून पोराला बोल लावता. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत आधी गार्ड म्हणून खेळत होता, मग त्याची उंची जवळपास आठ इंच वाढली आणि गार्डचे हात घेऊनच तो बास्केटजवळच्या उंच खेळाडूंच्या जागी गेला. २०१२ च्या निवडीत तो पहिला होता. तो आपल्याकडे जन्मला असता तर वाढलेल्या प्रत्येक इंचाबरोबर त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला गेला असता.

मी मामा आहे म्हणून भाच्याची तळी उचलतो आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. त्याचा डावा हात जवळजवळ निकामी आहे, पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाऊल ओढवून घेण्याची त्याची खोड जात नाही, आणि थकला की तो बचावाला चालत परततो, त्यावरून घरी माझी बोलणी खातो. तो जिल्ह्यापुढे कदाचित जाणारही नाही. माझी तक्रार त्याला कमी लेखण्यापुरती नाही. तेराव्या वर्षी "हा पोरगा इंडिया खेळणार" असे पेढे वाटल्याच्या थाटात सांगणारे हेच लोक होते, आणि तेव्हाही त्यांनी खेळ पाहिलेला नव्हता.

२०१३ च्या एनबीए निवडीत पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेट नावाचा पॉवर फॉरवर्ड घेतला गेला आणि पंधराव्या क्रमांकावर ग्रीसचा एक काटकुळा मुलगा, यानिस आंतेतोकुम्पो. पहिल्या हंगामात बेनेटची सरासरी ४.२ गुणांची होती आणि यानिसची ६.८ गुणांची. दोन्ही आकडे पाहून आपल्या कट्ट्यावर दोघांचेही तेरावे घातले गेले असते. बेनेट चार हंगामांत चार संघ फिरून बाहेर पडला. यानिस त्यानंतरही उंच होत राहिला, अंगाने भरला, २०१९ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ च्या अंतिम फेरीतल्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले.

म्हणून मी एक वही केली आहे. पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, पास आल्यावर चेंडू दोन्ही हातांत पडतो की छातीवर आपटतो, पहिले पाऊल कोणत्या पायाने पडते, शंभर फ्री थ्रोंपैकी (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटांपैकी) किती जातात, चूक झाल्यानंतरच्या पुढच्या खेपेला तो काय करतो, हे मी त्यात लिहितो. गेल्या जूनमध्ये शंभरातले ४६ फ्री थ्रो जायचे, आता ६३ जातात. ही वही मी त्या सरांपुढे धरली तेव्हा त्यांनी ती उघडलीही नाही आणि विचारले, "वडिलांची उंची किती?"

येत्या रविवारी पुन्हा त्याच संघाशी सामना आहे आणि ते चहावाले गृहस्थ येणारच. मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरणार आहे. तिसरा क्वार्टर संपला की त्यांना विचारेन की अकरा नंबरने किती रिबाउंड घेतले, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना भाच्याची उंची सांगणार नाही.