फौजींनी मास्तरांच्या जागा खाल्ल्या? त्या मेसेजमधली एकेक ओळ तपासू

परवा रात्री माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक मेसेज पाठवला. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या डी.एड.धारकांच्या ग्रुपांवर तो आठवडाभर फिरतोय. माझ्याकडेच तो पाच जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘शिक्षकभरतीत 15 टक्के जागा पेन्शनवाल्या फौजींना. त्यांना ना डी.एड. लागतं, ना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). पंधरा वर्षं नोकरी झाली की सैन्यच डिग्री देतं. नंदुरबारला तर आदिवासींच्या जागाही गेल्या. उरलेल्या जागा त्यांच्यासाठी रिकाम्या ठेवतात. आता अग्निवीर आले की आपल्याला काहीच उरणार नाही. जास्तीत जास्त शेअर करा.’

खाली मुलाने विचारलं होतं, ‘सर, हे खरं आहे का? खरं असेल तर आमचं काय?’

मी तेवीस वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवलं. हा मुलगा 2011 साली डी.एड. झाला आणि पुढच्याच वर्षी राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. 2017 च्या डिसेंबरात शिक्षकभरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली, तोवर तो साक्रीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला होता. आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या रागाबद्दल मला एक अक्षरही वावगं बोलायचं नाही. पण हा मेसेज त्या रागाला भलत्याच माणसाच्या दारात नेऊन उभा करतो, आणि त्या माणसाला मी ओळखतो. म्हणून एकेक ओळ घेतो.

आधी ‘सैन्यच डिग्री देतं’ ही ओळ. सगळा घोळ हिच्यातून निघाला आहे आणि यात थोडं खरंही आहे.

केंद्राचा जुना नियम असा आहे: दहावी उत्तीर्ण किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि किमान 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, ज्या गट क पदासाठी पदवी ही किमान अर्हता आहे त्या पदासाठी पात्र धरता येतं. म्हणून निवृत्तीच्या वेळी रेकॉर्ड ऑफिसकडून तसं प्रमाणपत्र मिळतं. गावात सगळे त्याला ‘डिग्री’ म्हणतात. पण त्याच नियमात पुढे अट आहे. जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नाही, किंवा जिथे थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणाने माणूस ते काम सांभाळेल अशी नेमणूक करणाऱ्याची खात्री आहे, तिथेच ही सवलत. म्हणजे कारकुनाची खुर्ची. हा कागद विद्यापीठाची पदवी नाही. त्यावर बी.एड.ला प्रवेश मिळत नाही, आणि तो डी.एल.एड.च्या (डी.एड.चंच आताचं नाव) जागी तर मुळीच चालत नाही, कारण तो नियम फक्त पदवीबद्दल बोलतो, अध्यापनाच्या पदविकेबद्दल त्यात शब्द नाही.

मागच्या भरतीच्या वेळी एक निवृत्त हवालदार माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. साक्रीकडचा. हातात दुधाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि रेकॉर्ड ऑफिसचं ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यावर बोटांनी धरून धरून प्लास्टिक पांढरं पडलेलं. एका कार्यालयात त्याला सांगितलं होतं की फौजीला सगळं माफ असतं, तुम्ही फक्त परीक्षा द्या. त्याने एका क्लासला पैसे भरले, अभियोग्यता चाचणीचा अभ्यास केला, परीक्षाही दिली. मग माहिती भरायची वेळ आली तेव्हा डी.एल.एड.चं वर्ष आणि टीईटीचा तपशील मागणारे रकाने समोर आले. त्यात भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. मला म्हणाला, “सर, मना कागद खोटा शे का?”

कागद खोटा नव्हता. खऱ्या कागदाचा खोटा अर्थ त्याला कुणीतरी सांगितला होता. हाच माणूस युनिटमध्ये सहा वर्षं रंगरुटांना नकाशावाचन शिकवत होता. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्याने मला दोन मिनिटांत समोच्च रेषा समजावून सांगितल्या, आणि आमच्या अनेक छात्राध्यापकांपेक्षा चांगल्या. तरीही तो अपात्रच होता, आणि नियमाने ते बरोबरच होतं. पहिलीच्या लेकराला अक्षर कसं उमटतं, चुकलं तर कुठे हात धरायचा, हे शिकायला दोन वर्षं लागतात. मी तेच शिकवत आलो, त्यामुळे त्यावर पाणी सोडा असं मी कुणासाठीही म्हणणार नाही.

तेव्हा ज्याच्या नावाने मेसेज बोंब मारतोय तो माणूस शाळेत पोचलाच नाही. तो रकान्याशीच अडकला.

‘टीईटी लागत नाही’ याला तर चार वाक्यं पुरतात. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 23. शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते, आणि तिच्या 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठी टीईटी आली. ही पात्रता शिथिल करायचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिला होता, तोही मुदतीपुरता. सैनिक कल्याण कार्यालयाला, जिल्हा परिषदेला किंवा एखाद्या साहेबाला तो कधीच नव्हता. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तर, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे अशा नोकरीतल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्यांना जिथे सुटका नाही, तिथे नव्याने येणाऱ्या फौजीला ती कोण देणार?

बी.एड.वाल्यांनाही इथे एक गोष्ट आठवून देतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. खरी पदवी आणि खरं बी.एड. असलेला माजी सैनिकही त्या वर्गांना अपात्र ठरतो. सवलत त्याला वयात आहे: सैन्यात झालेली सेवा आणि वर 3 वर्षं. अर्हतेत नाही.

आता 15 टक्के. आकडा खरा आहे. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे आणि जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक गट क मध्ये येतो. मेसेज ‘समांतर’ हा शब्द गिळून टाकतो, आणि सगळा अर्थ त्या शब्दात आहे.

हिशेब करून बघा. समजा एखाद्या जिल्ह्यात 200 जागा निघाल्या. ओबीसींचे 19 टक्के म्हणजे 38. या 38 च्या पोटात 15 टक्के म्हणजे साधारण 6 जागा माजी सैनिकांच्या. त्या सहा जागांवर बसणारा फौजी ओबीसीच असावा लागतो, आणि त्याची गणती ओबीसींच्या 38 मध्येच होते. ओबीसींच्या 38 च्या 32 होत नाहीत. खुल्या गटातला फौजी येऊन ओबीसीची जागा घेऊ शकत नाही. इंद्रा साहनी खटल्याच्या 1992 च्या निकालात ही उभ्या-आडव्या आरक्षणाची वीण सांगितली आहे, आणि आपल्याकडे 13 ऑगस्ट 2014 चं परिपत्रक व 19 डिसेंबर 2018 चं शुद्धिपत्रक समांतर आरक्षणाबद्दलच आहे. सहा जागांसाठी दोनच पात्र फौजी सापडले, तर उरलेल्या चार त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवारांना जातात.

नंदुरबारची ओळही याच हिशेबाने पडते. अनुसूचित जमातीच्या जागेवर माजी सैनिक म्हणून बसायचं तर तो अनुसूचित जमातीचाच लागतो. धडगावच्या एखाद्या पाड्यातला भिल किंवा पावरा मुलगा सैन्यात सतरा वर्षं काढून आला, त्याने डी.एल.एड. आणि टीईटी केलं आणि तो आपल्याच तालुक्यात शिकवायला लागला, तर आदिवासींची जागा कुणी घेतली? पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागांसाठीच्या ग्रामसभा कायद्याखालच्या गावांतल्या) भरतीचे वाद आहेत आणि ते गंभीर आहेत, पण त्यांचा फौजींशी संबंध नाही. दोन जखमांना एक पट्टी बांधू नका.

‘पेन्शन मिळते, मग नोकरी कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण विचारणारे आपलेच आहेत. साधा जवान अठरा-वीसचा असताना भरती होतो. सैन्याला तरणी फौज हवी असते, म्हणून पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो. त्याची मुलं तेव्हा तिसरी-पाचवीत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि आपल्याकडे कोरडवाहू शेताचा भरवसा किती ते मी सांगायला नको. सरकारच त्याला भर उमेदीत मोकळं करतं, म्हणून सरकारनेच दुसऱ्या नोकरीची वाट ठेवली. ही खैरात नाही, भरतीच्या वेळचा न लिहिलेला करार आहे. आणि शाळेत लागला तरी तो शिक्षण सेवक म्हणूनच लागतो: तीन वर्षं, प्राथमिकला महिना 16,000 रुपये मानधन. तेच, जे माझ्या डी.एड.च्या मुलांना मिळतं.

शिवाय वर्दी घातलेला प्रत्येक जण माजी सैनिक ठरत नाही, आणि खानदेशात सर्वात जास्त भांडणं याच्यावर होतात. सीआरपीएफ, बीएसएफमधून निवृत्त झालेली कितीतरी मुलं आपल्या गावांत आहेत. सीमेवर उभी राहिली, जंगलात गोळ्या झेलल्या. पण व्याख्येत भूदल, नौदल, वायुदल एवढंच आहे. ही मुलं माजी सैनिकाच्या रकान्यात खूण करतात आणि पडताळणीच्या टेबलावरून परत येतात. सैन्यातही पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःहून सोडून आलेला किंवा गैरवर्तनासाठी काढलेला माणूस यात बसत नाही. सेवेमुळे आलेल्या व्याधीने वैद्यकीय मंडळाने घरी पाठवलेला बसतो. डिस्चार्ज बुकमधल्या सोडल्याच्या कारणाच्या त्या एका ओळीवर माणसाचं सगळं ठरतं. अर्ज भरायच्या आधी ती ओळ कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, असं मी येईल त्या प्रत्येक फौजीला सांगतो.

अग्निवीरांबद्दल: 2022 च्या योजनेच्या अटींतच लिहिलं आहे की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिली तुकडी 2026 च्या अखेरीपासून बाहेर पडणार. त्यांचं पुढे काय, ही मोठी काळजी आहे, पण या 15 टक्क्यांत ते नाहीत.

आता राहिली ‘जागा रिकाम्या ठेवतात’ ही ओळ. इथे मात्र मी मेसेज लिहिणाऱ्याशी भांडणार नाही. जागा रिकाम्या राहतात. 2019 च्या निवडीनंतर माजी सैनिकांच्या रिकाम्या जागांसाठी आपल्या मुलांनी निवेदनांवर निवेदनं दिली. 2024 मध्येही समांतर आरक्षणाच्या न भरलेल्या जागांसाठी वेगळी रूपांतरित फेरी लागली. कारण आता उघड आहे. डी.एल.एड., टीईटी आणि अभियोग्यता चाचणी हे तिन्ही असलेले माजी सैनिक मोजकेच सापडतात. म्हणून पहिल्या यादीत त्या जागा कोऱ्या दिसतात. त्या कोऱ्या रकान्यांकडे बघून कुणी म्हणतं ‘फौजींनी खाल्ल्या’. खाल्ल्या असत्या तर कोऱ्या दिसल्या असत्या का?

रूपांतर होईपर्यंत जे महिने जातात त्यात आपल्या मुलांची वयोमर्यादा ओलांडली जाते, आणि मधल्या काळात वर्गात दोन-दोन इयत्ता एका बाईंसमोर बसतात. दोष आहे तो या दिरंगाईत. दोष आहे 2012 ते 2017 च्या बंदीत. दोष आहे 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या) निकषांत, ज्यांनी लहान शाळांची पदंच कमी केली. 15 टक्के आरक्षण उद्या रद्द झालं तरी यातलं एकही पद परत येणार नाही.

त्या मुलाला मी हेच लिहून पाठवलं, आणि सोबत माहिती अधिकाराचा कच्चा अर्ज. आपल्या जिल्हा परिषदेकडे चार गोष्टी मागायच्या आहेत: मागच्या भरतीत माजी सैनिकांच्या जागा प्रवर्गनिहाय किती होत्या, किती भरल्या, किती अपात्र ठरवले आणि कोणत्या कारणाने, आणि उरलेल्या जागा कोणत्या तारखेला त्याच प्रवर्गाकडे वळवल्या. पाचवी मागणी शिक्षण विभागाकडे, वेगळ्या अर्जाने: पुढच्या जाहिरातीत ‘सैन्याचं 15 वर्षांच्या सेवेचं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र शिक्षक पदासाठी ग्राह्य नाही’ ही ओळ ठळक छापा. तेवढ्या एका ओळीने त्या हवालदाराचे क्लासचे पैसे वाचले असते.

मुलाने रात्री साडेअकराला उत्तर पाठवलं. ‘सर, अर्ज उद्या टाकतो. हवालदार काकांचा नंबर द्या, त्यांचीही सही घेऊ.’