"मोठंच इंजिन घ्या, ताण कमी येतो" हे मुंबईत चालत नाही

महिनाभर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला, त्यात माझा मेव्हणा पण आहे आणि तो खरंच गाडी घ्यायला निघालाय, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: सेकंड हँड लक्झरी सेडान घ्यायची तर तीन लिटरचं सहा सिलिंडरवालंच इंजिन घ्या, त्याच्यावर ताण कमी म्हणून ते जास्त टिकतं, जुन्या बाजारात दोन लिटर आणि तीन लिटरच्या किंमतीत फार फरक उरत नाही, मायलेज फक्त दोनाने कमी, दोन लिटरवाल्यांच्या टायमिंग चेनी (इंजिनाच्या आतली व्हॉल्व्ह फिरवणारी साखळी) जातात, आणि चार सिलिंडरच घ्यायचं तर लक्झरी कशाला. ऐकायला पटतं. पण याच्या भरवशावर लोक दहा-पंधरा लाख टाकतायत, तेही आयुष्यात एकदाच जमवलेले.

पहिलं म्हणजे मागचा बॅज बघून लिटर ठरवू नका, मेसेजमध्ये नेमकं तेच केलंय. बीएमडब्ल्यू ५२८आय आधी तीन लिटर सहा सिलिंडर होती, नंतर त्याच नावाने दोन लिटर टर्बो आली. पुढच्या पिढीतली ५३०आय म्हणजे १९९८ सीसी आणि २५२ हॉर्सपॉवर, पण ५३०डी मात्र २९९३ सीसीची. मर्सिडीज ई२५० सीडीआय म्हणजे अडीच लिटर नाही, २१४३ सीसी. आरसी बुकवर सीसी लिहिलेली असते, ती बघा.

आता ताण. हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि मुंबईपुरता सगळ्यात चुकीचा आहे. पावणेदोन टनाच्या सेडानला सपाट रस्त्यावर ताशी १०० ने जायला वीसेक हॉर्सपॉवर पुरतात, आणि आपल्याकडे पुणे एक्सप्रेसवेला सपाटीवर मर्यादा १०० ची, सी लिंकवर ८० ची. म्हणजे १८०-१९० हॉर्सपॉवरचं दोन लिटर इंजिन पण बहुतेक वेळ आरामातच असतं. संध्याकाळी सातला जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, जोगेश्वरीहून पवईकडे निघा, पाऊण तास फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. तिथे इंजिन ताणाने मरत नाही, ते मरतं थंड स्टार्टने, उभ्या उभ्या चालण्याने, उष्णतेने आणि उशिरा बदललेल्या ऑइलने. ओडोमीटर उभी गाडी मोजत नाही, इंजिनाचे तास मात्र भरत जातात.

त्यात डिझेल असेल तर अजून वाईट. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतोच, आणि त्याआधीच्या बऱ्याच जर्मन गाड्यांत पण आहे. तो साठलेली काजळी जाळून साफ होतो, त्यासाठी एक्झॉस्ट साधारण ५५०-६०० डिग्रीला जावा लागतो आणि काही वेळ सलग तिथे राहावा लागतो. मोठं इंजिन ट्रॅफिकमध्ये अगदी हलक्या लोडवर चालतं, गरम व्हायला जास्त वेळ घेतं, एक्झॉस्ट थंडच राहतो, काजळी साठत जाते, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, पण काळा होतो. म्हणजे ज्या "कमी ताणा"चं कौतुक चाललंय त्यानेच इथे घात होतो. रोज पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने दोन लिटर की तीन लिटर हे विचारण्याआधी डिझेल घ्यावं का हे विचारावं.

"किंमतीत फरक उरत नाही" हे खरंय, म्हणूनच सावध व्हायला हवं. नवी असताना तीन लिटरवाली दोन लिटरवालीपेक्षा बरीच महाग होती, मग आठ वर्षांनी दोघी जवळजवळ सारख्या भावात का? कारण ती चालवून झालेल्या लोकांना खर्च माहीत आहे आणि बाजाराने तो किंमतीतून वजा केलाय. साठ लाखांची गाडी आज चौदाला मिळते, पण तिचा इंजेक्टर चौदा लाखांच्या गाडीचा होत नाही, तो साठ लाखांचाच राहतो. आणि ते चारऐवजी सहा. ग्लो प्लग सहा, ऑइल जास्त, आणि बॉनेटखाली हात जायला जागा कमी. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही६ डिझेलचं, म्हणजे ओएम ६४२ चं उदाहरण घ्या. त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत, टर्बो आणि इनटेकच्या खाली बसवलाय. त्याची रबरी सील वयाने कडक होऊन गळतात हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. सील स्वस्त असतात हो, पण तिथपर्यंत पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं, आणि मजुरीचं बिल त्याचं येतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने स्पेअर मिळतील, मजुरी कुठे जुनी मिळत नाही.

इन्शुरन्सचं मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगतो, कारण लोक त्याला उगाच घाबरतात. २०२२ च्या दरपत्रकात १५०० सीसीच्या वर सगळ्यांना थर्ड पार्टी प्रीमियम एकच, ७,८९७ रुपये. तिथे दोन आणि तीन लिटरमध्ये फरक नाही.

मायलेजचा हिशोबही चुकलाय. हायवेला १८ वरून १६ वर आलात तर १०० किलोमीटरला लिटरभरापेक्षा कमी जास्त लागतं. शहरात ८ वरून ६ वर आलात तर चार लिटर जास्त. दोन्हीकडे फरक "दोनचाच". पण खरं सांगू, इंधनाने कोणी बुडत नाही, वर्षाला तीसेक हजार जास्त गेले तर गेले, माणूस बुडतो एका मोठ्या रिपेअरने.

आता चेन. दोन लिटरच्या चेनीचं म्हणणं खोटं नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन लिटर डिझेलला, एन ४७ ला तो त्रास होता, आणि २०१२ ते २०१४ च्या दोन लिटर पेट्रोलमध्ये चेनची प्लॅस्टिक गाइड तुटायची. पण सहा सिलिंडरला काही होत नाही हे कुणी सांगितलं? त्याच घराण्यातल्या तीन लिटर एन ५७ ची चेन पण मागे गिअरबॉक्सच्या बाजूलाच आहे, ऑडीच्या तीन लिटर टीडीआयची पण मागेच. आवाज आला की गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन खाली. उलट ऑडीच्या दोन लिटर टीडीआयला पुढे बेल्ट आहे, वेळेवर बदला, विषय संपला.

मागच्या रविवारी मेव्हण्याबरोबर अंधेरीत एका डीलरकडे तीन लिटर डिझेल बघायला गेलो. काळी गाडी, ओडोमीटरवर ५२ हजार, पॉलिश इतकं की वरची ट्यूबलाइट त्यात दिसत होती. चावी घ्यायच्या आधी मी बॉनेटवर हात ठेवला तर बॉनेट गरम. आम्ही अकराला येतो सांगितलं होतं, त्यांनी आधीच चालवून ठेवलेली. सैल चेनचा आवाज थंड स्टार्टच्या पहिल्या दोन-चार सेकंदांत येतो, ऑइलचं प्रेशर चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत पोचेपर्यंत, गरम इंजिनात तो कळतच नाही. दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी नऊला गेलो. स्टार्ट केल्याबरोबर मागून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खर्रर्र आवाज आला आणि थांबला. मग खाली वाकून बघितलं तर ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं. ५२ हजारांत असं रबर झिजत नाही. तिथून निघालो.

"दिल्लीहून मोठं इंजिन स्वस्तात आणा" हे पण मेसेजच्या शेवटी आहे. तिथे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी घातली, म्हणून मालक वय भरत आलं की विकत सुटले. इथे आणली की एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, डिझेलला दर पेट्रोलपेक्षा जास्त, आणि दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागत तुम्ही फिरायचं. स्वस्तातला बराचसा भाग तिथेच जातो.

राहिलं लक्झरीचं. सहा सिलिंडर गुळगुळीत चालतं, एक्सप्रेसवेला ओव्हरटेक करताना जे वाटतं ते चार सिलिंडरला येत नाही, हे मान्य, मला स्वतःला ते इंजिन फार आवडतं. महिन्यातून तीन-चारदा कोल्हापूर-नाशिक करणारा असेल, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल आणि रिपेअरला दोन-तीन लाख बाजूला ठेवलेले असतील तर जरूर घ्या, तिथे डीपीएफ पण साफ राहतो. मेव्हण्याचं रोजचं गोरेगाव ते लोअर परळ आणि वर्षातून दोनदा गुहागर. त्याच्यासाठी त्याच बजेटमध्ये दोन लिटर पेट्रोल, एकाच मालकाची, दर दहा हजाराला ऑइल बदलल्याची बिलं असलेली गाडी हवी. तशी एक वाशीला सापडलीये, शनिवारी सकाळी आठला बघायला जातोय. मालकाला सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका.