फूटपट्टी कोणाच्या हातात?

मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. माणसं वाढली तिथे खासदार वाढावेत, हा एक; कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या राज्यांना शिक्षा का, हा दुसरा. १९७१च्या जनगणनेवर गोठवलेली राज्यवार वाटणी ८४व्या घटनादुरुस्तीने २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली, तेव्हापासून हा वाद धुमसतोच आहे. त्यात ब्रिटनचा दाखला ठरलेला: तिथे बघा, सगळं कसं सामोपचाराने झालं! इंग्लंडात राहून हे वाचताना हसू येतं. १८३१च्या ऑक्टोबरात इथे नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला गेला आणि ब्रिस्टल तीन दिवस दंगलीत होरपळलं.

भांडण जागांचंच होतं. सॉल्झबरीजवळची ओल्ड सेरम ही ओसाड टेकडी दोन खासदार पाठवायची, तर मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांना स्वतःचा एकही नव्हता. १ मार्च १८३१ रोजी सरकारतर्फे लॉर्ड जॉन रसेल यांनी जागांच्या फेरवाटणीचं विधेयक मांडलं. नियम दिसायला सरळ होता: १८२१च्या जनगणनेत दोन हजारांखाली वस्ती असेल तर दोन्ही जागा गेल्या, चार हजारांखाली असेल तर एक गेली.

पण जनगणना पॅरिशनिहाय, म्हणजे चर्चच्या हद्दींप्रमाणे झालेली, आणि बरोची, म्हणजे खासदार पाठवणाऱ्या गावाची, हद्द पॅरिशशी जुळेलच असं नाही. काही गावं दोन पॅरिशमध्ये पसरलेली, काही पॅरिशमध्ये गावापेक्षा शिवारच मोठं. कोणती माणसं ‘गावातली’ धरायची यावर गाव वाचणार की बुडणार हे ठरायचं. ॲपलबी या गावाने तर आपली मोजणीच चुकली म्हणून अर्ज केला. शेवटी डिसेंबरमधल्या तिसऱ्या विधेयकात जनगणनेचा निकष सोडला. थॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्याने नवं गणित बसवलं: बरोतल्या घरांची संख्या भागिले सरासरी घरं, अधिक तिथला कर भागिले सरासरी कर. या बेरजेप्रमाणे क्रम लावायचा आणि तळाची ५६ गावं उडवायची. गंमत अशी की ५६ हा आकडा आधीच ठरलेला होता. गणिताने फक्त नावं पुरवली. शिवाय कर मोजला की श्रीमंत गाव वर सरकतं आणि गरीब गाव खाली, हे ओघानेच आलं.

त्याआधीचं पहिलं विधेयक मात्र मोजणीच्या वादावर पडलं नाही. ते पडलं एकूण आकड्यावर. रसेल ६५८चं सभागृह ५९६वर आणू पाहत होते. लिव्हरपूलचे खासदार जनरल गॅस्कॉइन यांनी दुरुस्ती आणली: इंग्लंड आणि वेल्सच्या जागा घटता कामा नयेत. आयर्लंड-स्कॉटलंडचं वजन वाढेल, ही त्यामागची धास्ती. २९९ विरुद्ध २९१ मतांनी ती मंजूर झाली, संसद विसर्जित झाली, निवडणूक लागली. चेन्नईत आज जे बोललं जातं, ते याहून फार वेगळं नाही. पुढे लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, अडवणूक केली, पंतप्रधान ग्रे यांनी राजीनामा दिला, लोकांनी दबाव आणायला बँक ऑफ इंग्लंडमधून सोनं काढायला सुरुवात केली, आणि ७ जून १८३२ला कायदा झाला. तोवर एकूण जागा मुकाट्याने पुन्हा ६५८वर आल्या होत्या. इंग्लंडच्या १८ कमी झाल्या. त्यातल्या आठ स्कॉटलंडला, पाच आयर्लंडला, पाच वेल्सला मिळाल्या.

त्याच वेल्सच्या जागा २०२४च्या निवडणुकीत ४०वरून ३२वर आल्या. इथे आता लोकसंख्या नव्हे, नोंदलेले मतदार मोजतात, आणि बेटांसारखे मोजके अपवाद सोडले तर सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. नियम आधी कायद्यात आला, नकाशे नंतर निघाले. आरडाओरडा झाला, आग लागली नाही. वेल्सची आरोग्यसेवा आणि शाळा कार्डिफच्या सेनेडकडे, म्हणजे वेल्सच्या स्वतःच्या विधिमंडळाकडे आहेत, हेही त्याचं एक कारण असावं. आपल्या राज्यांनाही विधानसभा आहेत, पण कर-वाटपाची चावी दिल्लीत. त्यामुळे खासदार कमी होणं जास्त झोंबतं.

आणि हा प्रश्न फक्त उत्तर-दक्षिणेचा नाही. २००८च्या पुनर्रचनेत महाराष्ट्राच्या ४८ जागा ४८च राहिल्या, पण विदर्भाच्या ११वरून १० झाल्या आणि विधानसभेतल्या ६६वरून ६२. ठाण्याकडे माणसं गेली, तिकडे जागा गेल्या. महाराष्ट्राने दिल्लीत दक्षिणेची बाजू घ्यायची ठरवली, तर तोच युक्तिवाद नागपूरकर मुंबईसमोर ठेवतील. त्याला आपलं उत्तर काय, हे अजून कोणत्याही व्यासपीठावर ऐकायला मिळालेलं नाही.