आत्याचं जातं आणि मेलेलं मांजर

गेल्या दिवाळीत मी आत्याच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या, ही माझी मूळ चूक. आत्या मावळात राहते. वय अठ्ठ्याहत्तर. बाकी दळण गिरणीतून येतं, पण हुलग्याचं पीठ अजून जात्यावरच. "गिरणीत पीठ तापतं, चव जाती," हे तिचं म्हणणं. खुंट्याला हात लागला की तिच्या तोंडून ओवी सुटते. नुसती म्हणून दाखव म्हटलं तर आठवत नाही, हात फिरायला लागतो.

घरी येऊन ऐकलं, तर आत्या विहिरीच्या तळाशी बसून गात होती आणि जातं गायब! फोन हुशार असतो. बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि मागची एकसुरी घरघर गाळायची, हे त्याला शिकवलेलं असतं. त्याने जात्याला टेबलफॅन समजून हाकलून दिलं होतं. ज्या घरघरीवर ओवी तोललेली, तीच कचरा म्हणून काढलेली. वर आत्याने सूर चढवला की हा आवाज दाबणार आणि ती थांबली की तिचा श्वास मोठा करून ऐकवणार. आत्याला दम लागतो, हे आमच्या घरात त्या रेकॉर्डिंगवरून कळलं.

तेव्हा ठरवलं, खरा रेकॉर्डर घ्यायचा. हातात मावणारा, पिशवीत जाणारा. बायकोने दहा हजार मंजूर केले आणि "त्याच्या वर एक रुपया नाही" असं शेजारच्या काकूंच्या साक्षीने सांगितलं.

झूम, टॅस्कॅम, सोनी या कंपन्यांचे रेकॉर्डर बघायला घेतले. सगळे दिसायला टीव्हीच्या रिमोटसारखे, वरच्या टोकाला भुकेल्या पिलाच्या चोचीसारखे दोन माइक. यातला कुठलाही घेऊन मोकळं व्हायला हवं होतं. पण या दुनियेत प्रत्येक यंत्राला एक थोरला भाऊ असतो, फक्त तीन हजारांनी महाग. त्या थोरल्याला आणखी एक थोरला. मी दहा हजारांच्या यंत्रापासून निघालो आणि दोन रात्रींत अशा ठिकाणी पोचलो, जिथे माइक वेगळा, त्याला लागणारी अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज वेगळी आणि नुसत्या वायरीच्या किमतीत आमची गॅसची शेगडी आली असती.

त्यात 'हिस'ची भीती. माहीतगार माणसं रेकॉर्डरबद्दल काहीही बोलोत, शेवटी येतात हिसवर. शांत ठिकाणी माइकची पातळी वाढवली की स्वस्त यंत्राचं स्वतःचंच सूं-सूं ऐकू येतं. हे वाचल्यापासून मला झोप लागेना. कुणी बर्फावरून चालणाऱ्या मुंगीसाठी घ्यावं, असं शांत यंत्र मी मनाशी पक्कं केलं. हातभर अंतरावर दगडावर दगड घासत असताना हिस कोणाच्या बापाला ऐकू येणार, हे सुचायला तीन आठवडे लागले.

मग 'बत्तीस बिट फ्लोट' हे प्रकरण कळलं. साध्या यंत्रात पातळी आधी नीट लावावी लागते. जास्त झाली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. या नव्या यंत्रांत मात्र मोठा आवाज नंतर खाली ओढता येतो, बारीक असलेला वर काढता येतो. आत्ता चुकलास तरी चालेल, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. डोळे भरून आले. किंमत बघितल्यावर पुन्हा आले.

एका रात्री मी बायकोला लुडविग कॉखची गोष्ट सांगितली. १८८९ साली जर्मनीत या लहान मुलाने घरातल्या पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचा आवाज एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर घेतला. पक्ष्याच्या आवाजाचं हे सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. आणि शामा म्हणजे आपल्या सह्याद्रीत गाणारा पक्षी! मला वाटलं, ती भारावून जाईल.

"त्याने किती आठवडे तुलना केली?" तिने विचारलं.

मी विषय बदलून गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्याकडे वळलो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, नव्वदच्या दशकात त्या ध्वनिमुद्रितही व्हायला लागल्या. "एक लाख," मी म्हटलं. "आणि तू?" ती म्हणाली. मी तोवर मेमरी कार्ड बत्तीस जीबीचं घ्यावं की चौसष्टचं, इथे अडलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बघितलेलाच रेकॉर्डर मागवला. यंत्र दहा हजारांत बसलं, पण त्याचा संसार बसेना. कार्ड आलं, चार्ज होणारे सेल आले, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आला, वीतभर उंचीची तिपाई आली. हे सगळं मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं.

पहिली चाचणी घरी, रात्री एक वाजता. हेडफोन चढवला आणि कळलं, की आमचा फ्रिज गातो. खालच्या पट्टीत, मन लावून. घड्याळ तर हातोडा मारत होतं. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी घोरत होतं, आणि कोण ते मला आता माहीत आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटले की मला हसू येतं. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट, स्टिरिओ अशा दर्जाने रेकॉर्ड केलं म्हणजे तासाला साधारण एक जीबी. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चार जीबी फ्रिज जमला.

सकाळी गच्चीवर तांबट टुक्-टुक् करत होता, तिकडे यंत्र धरलं. अंगाला जाणवणारही नाही इतका वारा, पण माइकमध्ये जेसीबी चालल्यासारखी खडखड. यावर इलाज एकच, माइकवर घालायची लांब केसांची टोपी. तिला या धंद्यात डेडकॅट म्हणतात. नेमकं हे एकच पार्सल घरी आलं. बायकोने उघडलं आणि मला ऑफिसात फोन केला, "तुझं मेलेलं मांजर आलंय. कितीला पडलं?"

होळीनंतरच्या रविवारी मावळ गाठलं. आत्याने जातं पुसून, हुलगे पाखडून ठेवले होते. मी तिपाई मांडली, केसाळ टोपी चढवली. "चावतंय का रं?" तिने विचारलं आणि पदर सावरला, फोटोला सावरावा तसा.

यंत्रात 'लो कट' नावाचं एक कलम असतं. वाऱ्याची, गाड्यांची खालची घरघर छाटायला ते चालू करा, असं सगळे सांगतात. बोट त्यावर गेलं आणि मी थबकलो. जात्याची घरघर याच गल्लीत राहते! म्हणजे फोनने केलं तेच मी हाताने करणार होतो, तेही पदरचे पैसे मोजून. लो कट बंद ठेवला. तीन आठवड्यांच्या अभ्यासाचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

लाल बटण दाबलं. आत्याने जात्यात हुलग्यांची वैरण घातली, जातं फिरलं, आणि ओवी अशी लागली की बस. माहेरच्या, भावाच्या, माझ्या वडिलांच्या नावाच्या. काटा नाचत होता, हेडफोनमध्ये पीठ पडताना ऐकू येत होतं, लाल दिवा लुकलुकत होता. वीस मिनिटं मी डोळे मिटून बसलो.

लाल दिवा लुकलुकत होता, कारण यंत्र तयार होतं. नुसतं तयार. ते सुरू करायला बटण दुसऱ्यांदा दाबावं लागतं. मग दिवा लुकलुकायचा थांबतो आणि स्थिर जळतो. पुस्तिकेत हे लिहिलं आहे, मी नंतर वाचलं.

आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही. खुंट्याची एक बाजू मला दिली. "वड."

त्यामुळे आता माझ्याकडे जे आहे त्यात आत्याच्या ओव्या चौदा मिनिटं आहेत, आणि त्यातली अकरा मिनिटं मी धापा टाकतो आहे. मधेच "उलटं नगं फिरवू" असंही येतं. पण जातं आहे, पुरतं, दगडाच्या कणाकणासकट.

तिला हेडफोन लावून ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून लाजेल, असा माझा अंदाज होता. तिने डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली आणि कपाळाला आठी घातली.

"जातं बोथट झालंय," ती म्हणाली. "घरघर ऐक की कशी पातळ येती. टाकी लावाया पायजे." मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "आन् ती टाकीवाली दोन वरसं झाली, फिरकली न्हाई. ते मांजर उचल आधी पिठातनं."