झोनेस्ट्रालचं ऊन आणि मावशीच्या गोळ्या

मावशीच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत, दोनच महिने झालेत. काल फोनवर म्हणाली, "गोळ्या बंद करून गच्चीत उन्हात बसले तर चालेल का रे?" तिच्यापर्यंत फोटोंसकट एक मेसेज पोचला होता: हॉलंडमध्ये हिल्व्हर्समला यान डाउकर आणि बर्नार्ड बायफूट या आर्किटेक्ट जोडीने झोनेस्ट्राल नावाचं काचेचं रुग्णालय बांधलं, औषधाविना नुसत्या उन्हाने क्षयरोगी बरे केले, राजाने पैसा दिला, औषध कंपन्यांनी ते बंद पाडलं, शंभर वर्षांत तडा नाही, आज युनेस्कोचा वारसा.

औषधाविना? अहो, तेव्हा औषध होतंच कुठे! मुख्य इमारत १९२८ ची, टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. मुख्यतः ऊन, हवा, खाणं, विश्रांती हेच डॉक्टरांच्या हातात होतं. ते किती पुरत होतं? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये आकडे छापले. नुसती अंथरुणातली विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले. विश्रांतीसोबत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी ४. पुढे एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले, म्हणून आज तीन-चार औषधं एकत्र देतात. गोळ्या अर्धवट सोडल्या की हाच धोका. आणि झोनेस्ट्राल मुळात आजारातून उठलेल्यांसाठी होतं. तिथे कार्यशाळा होत्या, माणसाला पुन्हा कामाची सवय लागावी म्हणून.

बरं, खेळती हवा असली की टीबी कमी पसरतो, हे खरं. मेसेजला तेवढं श्रेय देऊ.

राजाचा पैसा? पैसा हिरे कामगारांच्या संघटनेचा. हिरा घासताना धरायच्या तांब्याच्या दांड्या झिजल्या की गोळा करून विकायच्या, त्यातून निधी उभा राहिला. कंपन्यांनी बंद पाडलं? औषधं आली, क्षयरोगी घटले, मग तिथे साधं रुग्णालय झालं. तडा नाही? बांधतानाच हिशेब थोड्या वर्षांचा होता. क्षयरोग संपेल, मग इमारतही नको. पातळ काँक्रीट, लोखंडी चौकटी, पुढे पार पडझड. मुख्य इमारतीची दुरुस्ती २००३ मध्ये पुरी झाली.

युनेस्कोच्या यादीत २०१४ मध्ये गेली ती रॉटरडॅमची व्हॅन नेले फॅक्टरी. ती ब्रिंकमन आणि व्हॅन डर फ्लुख्त या दुसऱ्याच जोडीची. मेसेजमधला दुसरा फोटोही तिचाच आहे. तिथे चहा-कॉफीबरोबर तंबाखू पॅक व्हायची.