सुवर्णसौधात बोलायला बंदी? घटनेत तसे कुठेही नाही

हिवाळी अधिवेशन जवळ आले की सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो: 'बेळगावचे अधिवेशन हे विशेष अधिवेशन. सरकारने ठरवलेल्या विषयांपलीकडे आमदाराला तोंड उघडता येत नाही, घटनेचीच तशी बंदी आहे. सरकारी परिपत्रके मराठीत मिळण्याचे, सीमाप्रश्नाचे गाऱ्हाणे त्याच्याकडे नेऊन उपयोग नाही.' हे वाचून लोक निवेदन द्यायचेही सोडतात, म्हणून ते खोडायलाच हवे.

बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, भरते ते नेहमीचे हिवाळी अधिवेशन. जागा बदलली म्हणून प्रकार बदलत नाही. प्रश्नोत्तरे, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) इथेही असतातच.

आता घटना. कलम 174 खाली राज्यपाल सभागृह बोलावतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये, एवढी अट त्यात आहे. 'विशेष अधिवेशन' असा वेगळा प्रकारच तिथे नाही, मग त्याच्या विषयांवर बंधन कुठून येणार? असे बंधन अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या घटनेत आहे: तिथे विशेष अधिवेशनात गव्हर्नरने नेमून दिलेल्या विषयांवरच कायदे होतात, तेही 30 दिवसांत. आपल्याकडे अरुणाचलच्या राज्यपालांनी 2015 मध्ये अधिवेशन जानेवारीवरून 16 डिसेंबरला ओढले आणि अध्यक्षांना हटवण्याचा ठराव आधी घ्या, असा संदेश धाडला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये तो संदेश रद्द केला; म्हणजे राज्यपालांनी आपल्या मनाने विषय लादणे इथे चालत नाही.

जाहीर झालेली यादीही काळ्या दगडावरची रेघ नसते. सप्टेंबर 2023 च्या संसदेच्या विशेष अधिवेशनाआधी दिलेल्या यादीत महिला आरक्षणाचे विधेयक नव्हते. ते 19 तारखेला मांडले गेले आणि 21 ला दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले होते. अर्थात ही सोय सरकारला. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, हेही खरे.

सीमाप्रश्न निघूच शकत नाही, हे मात्र निखालस खोटे. महाराष्ट्राला एक इंचही जमीन न देण्याचा ठराव 22 डिसेंबर 2022 ला याच सुवर्णसौधात एकमताने झाला. पाच दिवसांनी नागपुरात, कर्नाटकातल्या 865 मराठी गावांवर हक्क सांगणारा महाराष्ट्राचा ठराव आला. विषय निघतो, आपली बाजू मांडणारा तिथे नसतो. 2018 आणि 2023 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, आणि जे आले त्यांनाही आपलीच मते लागतात.

खऱ्या मर्यादा वेगळ्या, आणि त्या प्रत्येक अधिवेशनाला लागू. सीमेबाबतचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात असल्याने न्यायप्रविष्ट बाब म्हणून चर्चेवर आवर येऊ शकतो. राज्याच्या सीमा कलम 3 प्रमाणे संसदच बदलते. मराठी परिपत्रकांना यातले काहीच आड येत नाही. कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कशातही नीट बोलता येत नाही, ही अडचणही घटनेने ओळखली आहे: कलम 210 प्रमाणे अशा सदस्याला सभाध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात.

म्हणून यंदा आमदाराला निवेदन देताना लक्षवेधी मांडण्याची मागणी लेखी करा, आणि पोच घ्या.